भुकेचं आगाऊ आरक्षण

ओरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये टेबलाशी बसून, कुणीतरी आणून वाढलेलं जेवायचं असेल तर साठ दिवस आधी भूक लागावी लागते. ही अतिशयोक्ती नाही, नियम आहे. तिथल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटांचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं आणि त्यातल्या दोन-चार जागा तर बघता बघता भरतात. पूर्वी हीच मुदत १८० दिवसांची होती. म्हणजे दिवाळीचा फराळ पोटात असतानाच, येत्या अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी सहा चाळीसला आपल्याला पास्ता खावासा वाटेल की मासा, हे सांगून मोकळं व्हायचं. ज्या घरात संध्याकाळी सात वाजता ‘जेवायला काय करू?’ या प्रश्नाला ‘काहीही कर’ हे उत्तर मिळतं, आणि जे केलं जाईल त्यावर ‘हे कशाला केलंस?’ हा शेरा मिळतो, त्या घराने हा नियम पाळायचा म्हणजे कठीणच.

गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याला मात्र यात नवल वाटणार नाही. रेल्वेचं आगाऊ आरक्षणही नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलं आहे. सकाळी आठला खिडकी उघडते आणि चहा गाळून होईपर्यंत वेटिंग लिस्ट तीन आकडी होते. डिस्नेची खिडकी पहाटे सहाच्या सुमाराला उघडते. फरक एवढाच, की रेल्वेचं तिकीट मिळालं तर माणूस निदान सावंतवाडीला पोहोचतो. इथे दीड तास खुर्ची मिळते, आणि त्या दीड तासात भूक येईलच याची हमी कुणी देत नाही.

चिरंजीव न्यू जर्सीला असतात. सून प्रोजेक्ट मॅनेजर आहे, त्यामुळे आमची सहल ही सहल नव्हतीच, प्रोजेक्ट होता. साठाव्या दिवशी पहाटे पावणेसहाला ती तीन पडद्यांसमोर बसली होती. लॅपटॉप, तिचा फोन आणि चिरंजीवांचा फोन. चिरंजीव स्वतः झोपले होते, त्यांचा फोन तेवढा जागा होता. एक्सेलमध्ये रकाने पाडलेले : तारीख, पार्क, रेस्टॉरंट, पर्यायी रेस्टॉरंट, पर्यायाचा पर्याय. ‘कोण रुसेल’ हा शेवटचा रकाना मी सुचवला. सूनबाईंनी तो हसण्यावारी नेला. नंतर सगळ्यात उपयोगी पडला असता तर तोच.

रुसण्यासाठी माणसं होती सहा. मी, ही, चिरंजीव, सूनबाई, नातू, आणि सूनबाईंच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. विहीणबाई कोल्हापूरच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. तांबडा-पांढरा समोर नसेल तर त्या जेवणाला ‘नाश्ता’ म्हणतात. ही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि वर्षातले निम्मे दिवस कुठल्या ना कुठल्या देवासाठी उपाशी. या दोघींना एका टेबलाशी बसवून दोघींनाही ‘बरं होतं’ म्हणायला लावणं हे काम डिस्नेच्या कुठल्याही परीला जमणारं नाही. त्यातून विहिणी-विहिणींचा मान असा, की मनातलं कुणी बोलणार नाही. ‘तुम्ही सांगाल तिथे जाऊ’ असं दोघी एकमेकींना सांगत राहिल्या, आणि सूनबाईंचा कर्सर लुकलुकत राहिला.

नातवाचा प्रश्न वेगळा होता. डिस्नेच्या हिशेबात ३ ते ९ वर्षांचं ते मूल, दहा पूर्ण झाली की माणूस मोठा झाला. तिकिटातही आणि जेवणातही. म्हणजे ज्याला अजून बुटाची नाडी धड बांधता येत नाही त्याला ते प्रौढ धरतात आणि प्रौढाचे पैसे लावतात. सहलीची तारीख नातवाच्या दहाव्या वाढदिवसाच्या बरोबर आधीची निघाली हा निव्वळ योगायोग, असं चिरंजीव सांगतात. आपल्याकडे एसटीत कंडक्टर जवळ आला की मूल आपोआप दोन वर्षांनी लहान होतं. ही कला नातवाला अवगत नाही. विचारलं नसतानाही तो ‘मी ऑलमोस्ट टेन’ असं प्रत्येकाला सांगत होता, आणि त्याचा बाप प्रत्येक वेळी ‘ऑलमोस्ट’वर जोर देत होता.

आता, पहिल्यांदा जाणारा प्रत्येक जण विचारतो, ‘जेवण कुठलं चांगलं?’ माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या अवयवाने विचारलेला असतो. थीम पार्कात जिभेचं कुणी ऐकत नाही, निर्णय पाय घेतात. फ्लोरिडातलं ऊन, अंगाला चिकटणारी दमट हवा, उन्हाळ्यात दुपारी गडगडाटासह पाऊस, आणि दिवसभरात बारा-पंधरा किलोमीटर चाल. दुपारी चारच्या सुमाराला माणसाला अन्न नको असतं. त्याला पाठ टेकायला जागा हवी असते, डोक्यावर एसी हवा असतो, आणि ‘आता उठा’ असं अर्धा तास तरी कुणी म्हणू नये असं वाटत असतं. तिथली बसून जेवायची रेस्टॉरंटं अन्न विकतात हा गैरसमज आहे. ती खुर्ची विकतात. अन्न हे खुर्चीचं भाडं घ्यायला एक निमित्त.

खुर्चीची किंमत कळायची असेल तर एकदा काउंटरवरचं जेवण घ्यावं. फोनवर ऑर्डर द्यायची, ट्रे हातात येतो, आणि मग खरा खेळ सुरू होतो. दोघांनी ट्रे धरायचे, दोघांनी टेबलं हेरायची, आणि एकाने जेवत असलेल्या कुटुंबाच्या मागे असं उभं राहायचं, की त्यांचा घास घाईघाईने खाली उतरला पाहिजे. विहीणबाई यात तरबेज निघाल्या. त्या नुसत्या उभ्या राहिल्या तरी समोरची मुलं पटापट ताटलीतलं संपवू लागली. पेशाचा परिणाम असावा.

तेव्हा रेस्टॉरंट निवडताना मेनू बघण्याआधी नकाशा बघावा. हा सगळा पसारा शंभर चौरस किलोमीटरच्या वर आहे, मुंबई उपनगरं बाजूला ठेवून नुसतं शहर धरलं तर त्याहून मोठा. त्यात चार पार्क : मॅजिक किंग्डम १९७१ चं, एपकॉट १९८२ चं, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ चं आणि अॅनिमल किंग्डम १९९८ चं. शिवाय हॉटेलं, तळी, बसगाड्या, बोटी, मोनोरेल. सकाळी अॅनिमल किंग्डममध्ये वाघ बघायचा आणि दुपारी मॅजिक किंग्डमशेजारच्या हॉटेलात जेवायचं ठरवलं, तर जेवणाइतकाच वेळ जेवणापर्यंत पोहोचण्यात जातो. आणि न जावं, तर आरक्षण करतानाच कार्डाचा नंबर दिलेला असतो. वेळेत रद्द न करता दांडी मारली की माणशी १० डॉलर कापतात. सहा माणसं म्हणजे साठ डॉलर. ते साठ वाचवण्यासाठी, भूक नसताना, तीनशे डॉलरचं जेवायला धावत गेलेली कुटुंबं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यातलं एक तर अगदी जवळून.

भूक नसण्याला कारणही असायचं. बाहेरचं खाणं आत न्यायला डिस्नेची हरकत नाही, काचेची भांडी तेवढी नकोत. हे कळल्यावर हिने लोणच्याची बरणी प्लास्टिकच्या डब्यात रिकामी केली आणि पिशवीत पातळ पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू, दशम्या आणि तिळाची चटणी भरली. तपासणीला उभ्या असलेल्या माणसाने पिशवी उघडली, वास आला, त्याने पुन्हा एकदा वाकून बघितलं आणि काही न बोलता चेन लावून दिली. थंड पाणीही काउंटरवर मागितलं की कपातून फुकट देतात. म्हणजे घरची दशमी आणि डिस्नेचं पाणी यावर माणूस दिवस काढू शकतो. मी तसं सुचवलंही. सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, मी पहाटे पावणेसहाला उठले होते.’ यावर बोलण्यासारखं काही नसतं.

तिथल्या जेवणात जे खाल्लं जातं त्यापेक्षा ज्यात बसून खाल्लं जातं त्याला महत्त्व. मॅजिक किंग्डमच्या मधोमध सिंड्रेलाचा १८९ फुटी किल्ला आहे, आणि त्याच्या पोटात वरच्या मजल्यावर रेस्टॉरंट. पैसे आधी भरायचे, जिना चढायचा, रंगीत काचांच्या खिडक्यांतून खाली धावणारी प्रजा बघत जेवायचं. हे रेस्टॉरंट १९७१ साली सुरू झालं तेव्हा त्याचं नाव होतं किंग स्टीफनचा बँक्वेट हॉल. आता किंग स्टीफन हा सिंड्रेलाचा कुणी नव्हे, तो स्लीपिंग ब्यूटीचा बाप. घर एकीचं आणि पाटी दुसरीच्याच वडिलांची! १९९७ साली पाटी बदलली. तोवर २६ वर्षं माणसं तिथे जेवून गेली. विहीणबाईंनी हे ऐकून विचारलं, ‘आणि हिच्या सासरच्यांनी चालवून घेतलं?’

किल्ल्याचं आरक्षण आम्हाला नव्हतं. सूनबाईंच्या तिन्ही पडद्यांवर त्या तारखा आधीच गेलेल्या होत्या. पण ‘बी अवर गेस्ट’ मिळालं. तो ब्यूटी अँड द बीस्टमधल्या राक्षसाचा वाडा. २०१२ साली उघडला, आणि मॅजिक किंग्डममध्ये पाहुण्यांना वाइन पहिल्यांदा मिळाली ती याच ठिकाणी. त्याआधी चाळीसेक वर्षं तो पार्क कोरडा होता. आत तीन दालनं. नाचघरात झुंबरं, आणि उंच खिडक्यांबाहेर रात्र, रात्रीत भुरभुर बर्फ. बाहेर फ्लोरिडात पस्तीस अंशात डांबर वितळतंय आणि इथे आपण खिडकीतून बर्फ बघत सूप फुंकतोय. बाजूचं दालन अंधारं, त्यात घुमटाखाली एक गुलाब, अधूनमधून वीज कडाडते. सहकुटुंब जेवायला तिथे बसवलं तर ताटात काय आहे हे चाचपून ओळखावं लागेल.

हे सगळं साठ दिवस आधी पक्कं झालं. चौपन्नाव्या दिवशी हिने कालनिर्णय उघडलं. वाड्यातल्या जेवणाच्या दिवशी संकष्टी होती.

आता तारीख बदलता येत नव्हती, आणि उपवास तर त्याहून बदलता येत नव्हता. तिथे जेवण ठरलेल्या किमतीचं, तीन टप्प्यांचं, मोठ्या माणसाला साठ डॉलरच्या वर. म्हणजे साठ डॉलर देऊन उपवास. मी आयुष्यात पाहिलेला हा सगळ्यात महागडा उपवास, आणि त्यात दक्षिणा धरलेली नाही. ‘मी बाहेर बाकावर बसते, तुम्ही जेवून या,’ असं ही म्हणाली. पण ज्या सुरात म्हणाली त्या सुरानंतर कुणी जेवून येऊ शकत नाही.

डिस्नेची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. पथ्याचं काही असलं आणि सांगितलं, की वेळप्रसंगी आतून शेफ स्वतः टेबलाशी येऊन विचारतो. आमच्याकडेही आला. उंचच उंच टोपी, हातात वही, चेहऱ्यावर डॉक्टरांची काळजी.

‘ऍलर्जी कशाची?’ त्याने विचारलं.

‘ऍलर्जी नाही म्हणावं, संकष्टी आहे,’ ही म्हणाली.

सूनबाईंनी ते ‘रिलिजस फास्ट’ करून पोहोचवलं. शेफने मान डोलावली. काय चालत नाही? ही सांगत गेली : धान्य नाही, डाळ नाही, कांदा-लसूण नाही, हळद नाही, अंडं नाही, मांसमच्छी तर नाहीच. शेफचं पान भरलं. मग त्याने अगदी हळू, दुःखी माणसाशी बोलावं तसं विचारलं, मग चालतं काय?

‘बटाटा चालतो. दूध, लोणी, फळं. आणि शेंगदाणे असले तर भाजून, जाडसर कूट करून द्या म्हणावं.’

शेफची पेन्सिल थांबली. या माणसाचा अख्खा दिवस शेंगदाणा लोकांच्या ताटापासून लांब ठेवण्यात जात असणार. शेंगदाण्याचा वारा लागला तरी रुग्णवाहिका बोलवावी लागेल अशी पोरं रोज त्याच्यासमोर येत असतील. शेंगदाणा नको म्हणणारी हजार माणसं त्याने पाहिली होती. शेंगदाणा मागणारी, आणि तोही पथ्य म्हणून, ही पहिलीच. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. शेवटी शेंगदाणा काही त्या वाड्यात सापडला नाही. पण लोण्यात परतलेले छोटे बटाटे आणि कापलेल्या फळांचं ताट तो स्वतः घेऊन आला, वर एक फूल ठेवून. बटाटे पाहून हिचा चेहरा खुलला. ‘मीठ सैंधव आहे का विचार,’ ती सूनबाईंना म्हणाली. सूनबाईंनी हसून शेफचे आभार मानले. हे भाषांतर नव्हतं, पण त्या वेळी तेच योग्य होतं.

गोड म्हणून तिथे ‘ग्रे स्टफ’ नावाचा करड्या रंगाचा लगदा मिळतो. सिनेमाच्या गाण्यात त्याची तारीफ आहे, म्हणून तो खरोखर करायला घेतला. त्यात बिस्किटाचा चुरा असतो, त्यामुळे हिचा वाटा माझ्याकडे आला. चव चांगली आहे. डोळे मिटून खावा.

चंद्रोदय दहाच्या पुढे होता. कालनिर्णयातली वेळ मुंबईची, त्यामुळे नातवाने फोनवर ओरलँडोची काढून दिली. किल्ल्यामागे आतषबाजी होऊन आभाळ धुराने भरलेलं, आणि हजारो माणसं घरी निघालेली असताना एक बाई उलट दिशेला तोंड करून चंद्र शोधते आहे. दिसला. मग तिथेच बाकावर, डोळे मिटून हात जोडून, पिशवीतल्या बेसनाच्या लाडवावर उपवास सुटला. शेजारी बसलेल्या एका अमेरिकन आजीबाईंनी लाडू कुठल्या दुकानात मिळतो असं विचारलं.

एपकॉटमध्ये तलावाभोवती ११ देश मांडले आहेत आणि प्रत्येक देशाला आपापलं जेवण. भारत त्यात नाही. ते बरंच, नाहीतर कुठल्या राज्याचं जेवण द्यायचं यावरून पाया खणायच्या आधीच कोर्टकचेरी झाली असती. मेक्सिकोत पिरॅमिडच्या आत कायमची तिन्हीसांज असते. दुपारी बारालाही टेबलावर दिवा. जर्मनीत लांब टेबलांशी अनोळखी माणसांबरोबर बसवतात, आणि जपानमध्येही तव्याभोवती तसंच. पुष्कळ अमेरिकनांना हे अवघड जातं. परक्यांशी काय बोलायचं, हा त्यांचा प्रश्न. विहीणबाईंना पडला नाही. तव्यावर कांदा पडेपर्यंत त्यांना समोरच्या ओहायोच्या जोडप्याचं गाव, दोघांच्या नोकऱ्या, घराचं कर्ज आणि ‘मूल अजून का नाही’ हे सगळं समजलं होतं.

त्याच पार्कात कोरल रीफ नावाचं रेस्टॉरंट आहे. भिंतीच्या जागी ५७ लाख गॅलनांच्या टाकीची काच. काचेपलीकडे कासवं, शार्क, आणि भलेमोठे मासे येऊन आपल्याकडे बघतात. अलीकडे आपण मासा खात असतो. डोळ्याला डोळा भिडतो. मालवणकडच्या माणसाला यात काही वाटू नये, तो उलट बोट दाखवून ‘हाच काढा’ म्हणेल. पण मला घास जाईना. हॉलिवूड स्टुडिओजमधल्या साय-फाय डाइन-इनमध्ये टेबलं मोटारींच्या आकाराची, सगळी एका दिशेला तोंड करून, समोर पडद्यावर जुन्या अंतराळपटांचे तुकडे. जेवताना कुणी कुणाशी बोलूच शकत नाही, समोरच्याचं डोकं तेवढं दिसतं. सुखी संसारासाठी ही रचना घरोघरी व्हायला हवी, असं मी म्हणालो. ही पुढच्या सीटवर असल्यामुळे तिने ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

पण मला विचाराल तर सगळ्या पसाऱ्यात सर्वांत चमत्कारिक जागा त्याच पार्कातली : फिफ्टीज प्राइम टाइम कॅफे. १९५० च्या सुमाराचं अमेरिकन घर, भिंतीवर फुलाफुलांचा कागद, टेबलापाशी त्या काळचे छोटे टीव्ही, तळलेलं चिकन, पॉट रोस्ट. वाढणारी माणसं वेटर नसतात. ती ‘आई’, ‘मावशी’, ‘मामेभाऊ’ असतात. आणि त्यांचं काम म्हणजे तुम्हाला रागावणं. कोपर टेबलावर ठेवलं की ओरडा. भाजी टाकली की ओरडा. फोन काढला की ओरडा. फारच व्रात्यपणा केला तर कोपऱ्यात उभं करतात. माणसं लांबलांबून येऊन, आरक्षण करून, पैसे भरून बोलणी खातात आणि खूश होऊन फोटो काढतात. मी पन्नास वर्षं हे रोज दोन वेळा जेवताना फुकट घेत आलो आहे, माझा कुणी फोटो काढला नाही.

आमच्या टेबलाला आलेली मावशी पंचविशीतली होती. कमरेला एप्रन, केसांना रिबन. आल्या आल्या तिने विहीणबाईंच्या कोपराकडे बोट दाखवलं आणि आवाज चढवला. टेबल शांत झालं. तीस वर्षं ज्या बाईंनी दुसऱ्यांची कोपरं टेबलावरून उतरवली, त्यांच्या कोपराला हात घालणारं माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. विहीणबाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. एरवी पुस्तकी बोलणाऱ्या बाई एका क्षणात पंचगंगेच्या काठावर पोहोचल्या.

‘ही पोरगी कुनाला बोलतीया?’

‘आई, नाटक आहे ते,’ सूनबाई कळवळून म्हणाल्या. ‘ती मावशी आहे आपली.’

‘मावशी? हिचं वय काय!’ विहीणबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि मग इंग्रजीत, मुख्याध्यापिकेच्या इंग्रजीत, विचारलं, ‘यू हॅव ईटन?’

मावशी गडबडली. पाहुण्यांनी रडणं, हसणं, उलट बोलणं, सगळ्याला तिच्याकडे उत्तर असणार. पण तू जेवलीस का, या प्रश्नावर तिला पाठ केलेलं काहीच आठवेना. तिने खरं सांगून टाकलं. सकाळपासून कॉफी. मग विहीणबाईंनी तिला जे सुनावलं त्यात उपाशीपोटी कॉफी, पित्त, आजकालच्या मुली, आणि गॅदरिंगला चक्कर येऊन पडलेली आठवीतली एक मुलगी हे सगळं आलं. मावशी हात मागे बांधून ऐकत होती. शेजारच्या टेबलावरच्या लोकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

जाता जाता मावशीने तिची कसर चिरंजीवांवर काढली. त्यांच्या ताटात हिरव्या शेंगा तशाच होत्या. ती काटा घेऊन उभी राहिली, आणि आमचे चिरंजीव, वय चाळीसच्या घरात, मुकाट्याने शेंगा संपवते झाले. आमच्या हिने त्यांच्या लहानपणी फरसबीसाठी काय काय केलं नव्हतं. गोष्टी, आमिषं, एकदा तर लाटणं. तिने हे दृश्य पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत मुलाशी मोजकंच बोलली. ‘कोण रुसेल’ हा रकाना ठेवायला हवा होता, तो यासाठी.

शेवटच्या दिवशी सूनबाईंनी हुकमाचं पान काढलं. अॅनिमल किंग्डम लॉजच्या किदानी व्हिलेजमधलं सना. हे हॉटेलात आहे, त्यामुळे पार्कचं तिकीट लागत नाही. जेवण आफ्रिकेचं आणि त्याला आपल्याकडच्या मसाल्यांची संगत. तिथली प्रसिद्ध गोष्ट म्हणजे ब्रेड सर्व्हिस : नान, कुलचा, पनीर पराठा आणि सोबत नऊ प्रकारची तोंडी लावणी. आंब्याची चटणी, कोथिंबिरीची, चिंचेची, काकडीचं रायतं, लसणाचं लोणचं. नऊ छोट्या वाट्या रांगेत येतात. अमेरिकन माणसं या नऊ वाट्यांचे फोटो काढतात. ही त्या वाट्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘डावी बाजू सगळी आली. भाजी कधी येणार?’

सांगायला लागलं, की हेच जेवण. चटण्यांच्या मधोमध पोळी, एवढंच. हिने पराठ्याचा तुकडा मोडला, एकेक वाटी चाखली आणि परीक्षेचा निकाल सांगावा तसं सांगत गेली : चिंच पास, रायतं काठावर, आंबा साखरेत बुडाला. लोणचं बरं, पण आपलं आहे की पिशवीत. विहीणबाईंना मात्र लाल मिरचीची वाटी आवडली. सहलीत पहिल्यांदाच त्या जेवणाला ‘जेवण’ म्हणाल्या.

खिडकीबाहेर गवताळ माळ आणि त्यावर जिराफ, झेब्रे. एक जिराफ आमच्या काचेसमोर येऊन निवांत पाला ओरबाडत होता. त्याचं आरक्षण नसावं. मागे लांबलचक शिंगांची आफ्रिकन गुरं उभी होती. ‘गुरं बघायला इतक्या लांब?’ असं विहीणबाई आधी म्हणाल्या, आणि मग खुर्ची वळवून पुढचा अर्धा तास तेवढंच बघत बसल्या. शिंगं खिल्लारापेक्षा जाड आहेत, पण खिल्लाराचा डौल नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. जिराफाला त्यांनी गुणच दिले नाहीत.

बिलाचं सांगायचं राहिलं. सहा किंवा जास्त माणसं एका टेबलाला बसली, की डिस्ने बिलात १८ टक्के टीप आपणहून धरतं. वर साडेसहा टक्के कर. पहिल्यांदा तो आकडा वाचला तेव्हा मी चिरंजीवांना सुचवलं, की पुढच्या ठिकाणी तीन-तीनची दोन टेबलं घेऊ. चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, मग टीप आपल्याला ठरवावी लागेल. आणि पद्धत वीस टक्क्यांची आहे.’ बडीशेपेच्या बशीत सुटे पैसे ठेवून, वेटर यायच्या आत दारापर्यंत पोहोचण्यात ज्याची हयात गेली त्याला वीस टक्के ऐकून घाम फुटतो. म्हणजे सहाजण बसलो तर अठरा, पाचजण बसलो तर वीस. माणूस वाढला की दोन टक्के वाचतात! हे गणित कळल्यापासून आम्ही सहाच्या सहा एका टेबलाला बसतो आहोत ना, याकडे मी जातीने लक्ष देऊ लागलो. सनामध्ये विहीणबाई गुरं नीट बघायला बाहेरच्या कठड्यापाशी गेल्या होत्या, नेमका तेव्हाच वेटर बिलाचं विचारायला आला. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, ‘पाच का?’ मी ताडकन विहीणबाईंची पर्स उचलून त्या खुर्चीवर ठेवली आणि अर्ध्या रेस्टॉरंटला ऐकू जाईल असं ओरडलो, ‘सिक्स!’